हिरवी म्हणजे किती?

कुणीतरी कंटाळा केलेला आहे. नाव मला माहीत नाही. पण कुठल्या तरी ऑफिसात, एखाद्या शुक्रवारी दुपारी, हा विषय कुणाच्या तरी टेबलावर आला असणार, आणि त्या माणसाने "हे ज्याचं त्याने बघावं" असं म्हणून फाइल मिटली असणार. नाहीतर ज्या देशात कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, कचऱ्याच्या डब्यांचेसुद्धा रंग ठरवून देते, निळ्यात कागद, तपकिरीत बाटल्या, आणि डबा चुकला तर कचरा न उचलता वर एक स्टिकर चिकटवून जाते, त्या देशात कॅसिनोमधल्या पंचवीस पौंडांच्या चिपचा रंग कुठला असावा हे कुणीच ठरवलेलं नाही, याचा अर्थ काय लावायचा?

मी आठ महिन्यांपासून मँचेस्टरच्या एका कॅसिनोत डीलर आहे. म्हणजे टेबलामागे उभी राहून पत्ते वाटणारी आणि रुलेटचं चाक फिरवणारी. किस्से जमवायचे असं काही ठरवलं नव्हतं. ते खुर्चीवरच्या कपड्यांसारखे साठत गेले. रोज एक टाकायचा, उद्या आवरू म्हणायचं, आणि एके दिवशी खुर्चीच दिसेनाशी होते. आज आवरायला घेतलेत. घड्या सरळ पडतील याची खात्री नाही, कारण निम्म्या किश्श्यांचा अर्थ मला स्वतःलाच अजून लागलेला नाही.

मी मूळची सांगलीची. पुण्यात इकॉनॉमिक्स केलं, इथे येऊन पब्लिक पॉलिसीत एमए केलं. जुगाराचे कायदे हा माझा विषय. वर्गातले सगळे या विषयावर निबंध लिहायचे, पण त्यातल्या एकानेही चिप हातात धरली नव्हती. मला ते सहन होईना. म्हटलं, आत जाऊन बघू. इथे जुगारावर देखरेख ठेवणारा एक सरकारी आयोग आहे. टेबलामागे उभं राहायला त्याच आयोगाचं पर्सनल लायसन्स लागतं. पोलीस रेकॉर्ड तपासतात, ओळखपत्रं तपासतात, मग देतात. आणि मला पुढे त्याच आयोगात नोकरी करायची आहे, नियम लिहायच्या विभागात. अर्ज पहिल्या चाळणीतून पुढे गेला होता आणि गणपतीनंतर तीन आठवड्यांनी इंटरव्ह्यू होता. थोडक्यात, माझ्या लायसन्सवर एक शिंतोडा उडाला असता, तर तो सर्वांत आधी माझा इंटरव्ह्यू घेणाऱ्यांनाच दिसला असता.

*

ट्रेनिंगचा पहिला दिवस. आम्हाला शिकवायला ग्लेनिस. ही कार्डिफची, पन्नाशीतली, काळा सूट, आवाज कधीही न चढवणारी. तीस वर्षं या धंद्यात आहे आणि आता आमची फ्लोअर मॅनेजर आहे.

चिप म्हणजे कॅरमच्या सोंगटीहून थोडी मोठी, चांगली जड अशी गोल चकती. पैसे देऊन घ्यायची, तिच्यावर खेळायचं, उरली तर जाताना परत करून पैसे घ्यायचे. मधल्या पांढऱ्या वर्तुळात आकडा आणि कॅसिनोचं नाव, आणि कडेला रंगीत पट्टे. ग्लेनिसने एक हिरवी चिप माझ्यासमोर धरली आणि विचारलं, ही किती? मी वाकून आकडा वाचला आणि सांगितलं, पंचवीस.

"वाचलंस," ती म्हणाली. "वाचतात ते गिऱ्हाईक. आपण बघतो."

मग तिने तीच चिप आडवी धरली. हिरवी कड, तीन पांढरे पट्टे, म्हणजे पंचवीस. लाल कड, दोन पट्टे, म्हणजे पाच. वीस चिपांची चळत लांबून बघून सांगता आली पाहिजे. आकडा आणि नाव वाचायला मान खाली घातलीत तर तेवढ्यात समोरचा हात टेबलावर काय करतो ते दिसणार नाही. दोन आठवडे तिने आमच्या चिपांवरच्या मधल्या वर्तुळांवर कागदाचे गोल चिकटवून ठेवले होते.

मी विचारलं, म्हणजे देशभर हिरवी पंचवीसचीच ना? ती म्हणाली, छे. कार्डिफला तिच्या पहिल्या कॅसिनोत हिरवी एकची होती. जो तो आपापल्या आवडीचे रंग ठेवतो. मी म्हटलं, आणि आयोगाचा नियम? ती म्हणाली, आयोगाचे नियम ढीगभर आहेत. दारात कोण उभा राहील, कॅमेरा कुठे रोखलेला असेल, खेळाचे नियम कुठल्या भिंतीवर लावायचे, सगळं आहे. रंगाचं मात्र तिने तीस वर्षांत ऐकलेलं नाही.

मी त्याच संध्याकाळी आयोगाला चार पानी ईमेल लिहिली. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्यात माझे आभार मानले होते आणि एक छोटा फॉर्म जोडला होता. माझी ईमेल तक्रार आहे, चौकशी आहे की सूचना आहे, यातलं एक निवडा. मला तिन्ही हव्या होत्या.

*

रुलेटच्या टेबलावर, म्हणजे चाकातली गोळी कुठल्या आकड्यावर थांबेल यावर पैसे लावतात तिथे, आणखी गंमत. एकाच आकड्यावर सात-आठ जण चिपा ठेवणार, मग कुणाची कुठली हे कळायचं कसं? म्हणून तिथे प्रत्येकाला एक-एक रंग देतात. या चिपांवर आकडाच नसतो. तुम्ही म्हणाल ती किंमत. तुम्ही म्हणालात माझी प्रत्येक चिप पाचची, की डीलर चाकाच्या कडेवर तुमच्या रंगाची एक चिप ठेवून तिच्यावर पाचची खूण ठेवतो. तुम्ही उठलात, की रंग परत आणि खूण काढली. नंतर तोच रंग दुसऱ्याचा, दुसऱ्या किमतीचा.

आमच्याकडे मिस्टर डॉयल म्हणून एक म्हातारे यायचे. जन्मभर बस चालवलेली, आता दुपारचा एक कप चहा आणि रुलेट. एकदा ते आपल्या जांभळ्या चिपांपैकी तीन कार्डिगनच्या खिशात विसरून घरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी येऊन त्या तिन्ही सतरावर ठेवल्या. त्या वेळी जांभळा रंग एका बाईंकडे होता, एक पौंडाने.

मी म्हटलं, मिस्टर डॉयल, या तुमच्या नाहीत. ते म्हणाले, माझ्याच आहेत, हा बघ खिशातला धागा लागलाय. मी म्हटलं, पण आज जांभळा एकचा आहे. ते गोंधळले.

"अगं, पण काल मी पाच होतो."

ग्लेनिस आली. तिने शांतपणे समजावलं की जांभळ्याचे काल पाच होते, आज एक आहे, आणि टेबलावरून उठल्यावर काहीच नाही. म्हणूनच उठताना बदलून घ्यायच्या असतात. डॉयल यांनी चहाचा घोट घेतला, पुष्कळ विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे मी उठूच नये, असं म्हणताय का तुम्ही?"

यावर आमच्या नियमात एकच उत्तर आहे. माणूस असं काही बोलला की त्याला 'अधूनमधून टेबलावरून उठत जा' असं लिहिलेलं पत्रक द्यायचं. ग्लेनिसने ते दिलं. डॉयल यांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. मी चाक फिरवलं.

*

डीलरने टेबल सोडताना हात मोकळे करायचे असतात. म्हणजे दोन्ही हात पुढे धरायचे, एकदा हलकी टाळी वाजवायची आणि तळवे वर-खाली उलटे-पालटे करून छतावरच्या कॅमेऱ्याला दाखवायचे, की बघा, काही नेत नाही. युनिफॉर्मचे खिसेही शिवून बंद केलेले असतात. सर्दी झाली की रुमाल कुठे ठेवायचा हा माझ्या दुसऱ्या ईमेलचा विषय होता.

दिवसातून वीस-पंचवीस वेळा हे केलं की ते अंगात मुरतं. ट्रामच्या तिकीट तपासनिसाला कार्ड दाखवून झाल्यावर मी टाळी वाजवून तळवे दाखवले होते. तो बिचारा दोन पावलं मागे सरकला.

मी राहते श्रीधरकाका आणि अनघाकाकूंच्या घरी, वरच्या खोलीत. काका इथल्या सरकारी हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते, आता रिटायर झालेत आणि महाराष्ट्र मंडळाचे खजिनदार आहेत. एकदा काकूंना कणीक मळून दिली, परात बाजूला सारली आणि माझे हात आपोआप छताकडे गेले. काका टेबलापाशी पेपर वाचत होते.

"आमचे सर्जन हात धुतल्यावर असेच वर धरायचे," ते म्हणाले. "तुझं ऑपरेशन कसलं?"

मी सांगितलं, हातात काही नाही हे दाखवायचं असतं. कुणाला, म्हणाले. मी म्हटलं, कॅमेऱ्याला. काकांनी चष्मा वर करून छताकडे पाहिलं. तिथे नुसता स्मोक अलार्म होता.

"त्याची बॅटरी गेलीय गं," ते म्हणाले. "नाहीतर त्याने पाहिलं असतं."

*

हे हात दाखवणं उगाच नाही, हे मला जोमुळे कळलं. जो माझ्याच बॅचचा, बोल्टनचा, स्वभावाने गरीब. एका दुपारी शिफ्ट संपवून तो घरी गेला, पँट काढली आणि पायाच्या दुमडलेल्या पट्टीतून एक पौंडाची चिप टपकन खाली पडली. टेबलावरून घरंगळून तिथे जाऊन बसलेली.

कुणीही काय केलं असतं? दुसऱ्या दिवशी नेऊन दिली असती. पण आमचा नियम असा की कामावरच्या माणसाकडे कॅसिनोबाहेर चिप सापडली, मग ती एकची असो की हजारची, तर चौकशी. चौकशीत कारण पटलं नाही, तर नोकरी गेली आणि आयोगाला पत्र. आपणहून ताबडतोब सांगितलं, तरच काही बोलायला जागा. जोने फोन केला. ग्लेनिस म्हणाली, आहेस तसा ये. तो घाबरट, पायजम्यावर टॅक्सी करून आला. एक पौंड परत करायला बावीस पौंडांची टॅक्सी.

मग तीन तास त्या चिपचा प्रवास कॅमेऱ्यांत शोधला. ती टेबलावरून घसरली, पट्टीत पडली, ट्रेनने बोल्टनच्या वाटेला लागली, हे सगळं सिद्ध झालं. जो सुटला, फाइलमध्ये एक पान लागलं. आणि दुसऱ्या आठवड्यापासून दुमडलेल्या पट्टीच्या पँट्स सगळ्यांनाच बंद. मुलींच्या शर्टांच्या बाह्यांनाही कफ नकोत असं म्हणाले होते, पण नवे शर्ट अजून आलेले नाहीत.

मी जोला म्हटलं, हे अति झालं, आपण युनियनकडे जाऊ. तो म्हणाला, नको, पायजम्याचा विषय परत निघेल.

*

एका मंगळवारी आयोगाच्या बाई तपासणीला आल्या. राखाडी कोट, पाठीवर सॅक. मी इतके महिने ज्यांना लिहीत होते ते हेच लोक. त्यांनी दारावरची पाटी पाहिली, कॅमेऱ्यांची यादी पाहिली, माझं लायसन्स पाहून फोटोशी चेहरा ताडून पाहिला. टेबल रिकामं होतं. मी घाई करून विचारूनच टाकलं, की सगळ्या देशात चिपांचे रंग एकसारखे का नाहीत? परगावचा माणूस आला तर तो गोंधळणार नाही का?

बाईंनी माझ्यासमोरची हिरवी चिप उचलली आणि तिच्याकडे बघितलं.

"पण यावर लिहिलंय की," त्या म्हणाल्या. "कुठली आहे, कितीची आहे. लोकांना वाचता येतं ना?"

मी ग्लेनिसकडे पाहिलं. ग्लेनिस भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

*

आता गणपतीचं. आमच्या मंडळाचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये बसतो, कॅसिनोपासून ट्रामचे दोन स्टॉप. हॉलचा नियम असा की आत एकच निरांजन, आणि कापूर बाहेर, कचऱ्याच्या डब्यांपासून दहा फुटांवर. हे सगळं चार पानांत लिहून दिलेलं. बघा, मनात आणलं तर लिहिता येतं.

रविवार होता. मी सकाळची शिफ्ट करून थेट हॉलवर गेले. साडी बॅगेत होती, ब्लाउज विसरला. म्हणून कामावरच्या काळ्या शर्टावरच साडी नेसले. काकू म्हणाल्या, छान दिसतंय, आजकाल असंच नेसतात.

आरतीआधी काकांनी माइकवर सांगितलं की कार्डाचं मशीन चालत नाहीये, तरी दक्षिणा कॅशमध्ये तबकात टाकावी. तबक फिरवायचं काम माझ्याकडे. हॉलमध्ये शंभरेक माणसं. पुढच्या रांगेत, गुडघ्यांमुळे खुर्चीवर, एक ऐंशीच्या घरातल्या आजी बसल्या होत्या. त्यांचा मुलगा साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात डॉक्टर, शनिवार-रविवार जोडून इकडे आलेला. आईचं तिकडे मन कसं रमलंय हे तो सगळ्यांना कौतुकाने सांगत होता. दर बुधवारी सीनियर सिटिझन्सच्या क्लबाची गाडी येते, आई तयार होऊन बसते, एक बुधवार चुकवत नाही.

मी तबक फिरवून आणलं, देवापुढे ठेवलं, आणि सवयीने टाळी वाजवून तळवे छताला दाखवले. दोन पोरांना वाटलं नमस्काराची ही नवीन पद्धत, त्यांनीही केलं. आजी मात्र माझ्या हातांकडे जरा निरखून बघत होत्या.

आणि मग मला दिसली. नोटा-नाण्यांच्या मध्ये, झेंडूच्या पाकळीखाली, आडवी अडकलेली. हिरवी कड. तीन पांढरे पट्टे.

सकाळी पंचवीसच्या चिपांचंच टेबल होतं माझं. शर्ट तोच. कफ तोच. जोच्या पँटच्या पट्टीत गेली तशी ही माझ्या बाहीत गेली आणि तबक पुढे करताना घरंगळली, यात मला तिळमात्र शंका वाटली नाही. तीन आठवड्यांवर इंटरव्ह्यू. मला ती नुसती मुठीत घेता आली असती, कुणी बघतही नव्हतं. पण नियम लिहायला निघालेल्या माणसाने पहिला नियम गणपतीसमोर मोडायचा, हे काही जमेना.

मी काकांना बाजूला घेऊन सांगितलं. काका तबकावर वाकले.

"म्हणजे ही दक्षिणा नाही?"

"नाही काका. ही आमच्या टेबलावरची आहे. माझ्याकडून पडलीय. मला परत द्यावी लागेल."

"तबकात पडलेलं परत कसं द्यायचं?" काका म्हणाले. "आणि द्यायचं तर पावती लागेल. काय लिहू, एक हिरवी चकती?"

तोवर कमिटीचे दोघं-तिघं जमले. चकती म्हणजे पैसे का, यावर चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं, जुगाराचं मंडळाला चालत नाही. कुणी म्हणालं, लॉटरी फंडातून हॉलचं भाडं भरलं तेव्हा चाललं होतं की. काकूंचं म्हणणं एवढंच की मोदक निवताहेत.

मी ग्लेनिसला फोन केला. ती म्हणाली, हात लावू नकोस, तिथेच थांब, येते.

वीस मिनिटांत ती आली. सोबत जो, कारण चिप ताब्यात घ्यायला दोन माणसं लागतात. तिच्या हातात फॉर्म आणि सीलची पिशवी. दोघांनी दारात बूट काढले. कुणीतरी ग्लेनिसला कुंकू लावलं, कुणीतरी जोच्या हातात मोदकाची ताटली दिली.

ग्लेनिसने येता येता चौकशी केली होती. सकाळच्या टेबलाची मोजणी बरोबर होती. एकही चिप कमी नव्हती. मी म्हटलं, मग मोजणी चुकली असेल. मग तिने रुमालात धरून ती चिप तबकातून उचलली, सपाट केली, आणि चष्मा लावला.

"ही तू वाचलीस का?" तिने विचारलं.

"नाही. तुम्हीच सांगितलं होतं, वाचायची नाही."

ग्लेनिसने चिप माझ्या डोळ्यांसमोर धरली. मधल्या वर्तुळात साउथहॅम्प्टन असं छापलेलं होतं. त्याखाली आकडा होता पाचशे.

मी तो आकडा दोनदा वाचला. मग देवाच्या पायरीवर बसले. ग्लेनिसने फॉर्मची घडी घातली, रिकामी पिशवी पर्समध्ये ठेवली, आणि म्हणाली की आमचं इथे काहीच नाही, सोमवारी वेळेवर ये. जो तिसरा मोदक खात होता.

चिप परत तबकात गेली. काकांनी पावतीपुस्तक उघडलं, पेनाचं टोपण काढलं आणि थांबले. "पाचशे पौंड," ते माइकशिवाय म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "नाव काय घालू?"

साउथहॅम्प्टनहून आलेलं घर हॉलमध्ये एकच होतं. शंभर माणसं हळूहळू डॉक्टरांकडे वळली. डॉक्टर लालबुंद. म्हणाले, मी आयुष्यात लॉटरीचं तिकीटसुद्धा काढलेलं नाही. मग बोलता बोलता त्यांचा आवाज मंदावला आणि ते स्वतःच वळले, शेजारच्या खुर्चीकडे.

"आई," ते म्हणाले, "तो बुधवारचा क्लब..."

आजींनी मोदकाचा शेवटचा घास सावकाश संपवला. पदराने बोटं पुसली. दोन्ही हात पुढे धरले, एकदा हलकी टाळी वाजवली, आणि तळवे उलटे-पालटे करून छताला दाखवले.

"त्यात एवढं काय? कार्ड चालत नाही म्हणालात," त्या म्हणाल्या, "आणि सुटे नव्हते माझ्याकडे."